डक्टिंगसाठी पहिलं लॉक फॉर्मिंग मशीन घेताना

लॉक फॉर्मिंग मशीन म्हणजे पत्र्याची कड रोलमधून वळवून डक्टच्या सांध्याचं लॉक काढणारं मशीन. किंमत विचारण्याआधी आपल्याकडे कामं कोणत्या जाडीची येतात ते लिहून काढा. एसीच्या डक्टला बहुतेक 24 गेज (0.63 मिमी) आणि 22 गेज (0.80 मिमी) जीआय (जस्त चढवलेला) पत्रा लागतो, मोठ्या डक्टला 20 किंवा 18; गेजचा आकडा जितका लहान तितका पत्रा जाड. जाड पत्र्याच्या मशीनवर 26 गेज चालवलात तर पिट्सबर्ग लॉकचा (डक्टच्या कोपऱ्याचा सांधा, ज्यात एका पत्र्याच्या खिशात दुसऱ्याची कड बसते) खिसा सैल येतो. हलक्या मशीनमध्ये जाड पत्रा घातला की शाफ्ट आणि बेअरिंग लवकर जातात. ‘सगळं चालतं’ म्हणणाऱ्यावर विसंबू नका. लिहिलेली क्षमता सहसा साध्या पोलादासाठी असते, स्टेनलेसला ती कमी धरा.

ट्रायल घ्याच, आणि पत्रा आपला न्या. लांब पट्टी बहुतेक मशीनं नीट काढतात. खरी परीक्षा आखूड तुकड्याची. रोलच्या जोड्यांमधल्या अंतराच्या मानाने तुकडा फार लहान असेल तर तो आत तिरका होतो. लॉक निघाल्यावर काटकोनात वळवलेली कड खिशात घालून पाहा. ती तळापर्यंत बसली पाहिजे, आणि वरची पट्टी ठोकल्यावर जस्ताला तडे जाता कामा नयेत. जुनं मशीन असेल तर रोलची झीज आणि शाफ्टचा प्ले (ढिलेपणा) हाताने हलवून तपासा.

एल्बोच्या (डक्टच्या वळणाच्या) गोलाईवर कड मारणारी पॉवर फ्लँजिंगची जोडणी मात्र सुरुवातीलाच घ्या, हाताने कड मारण्यात कारागिराचा फार वेळ जातो. टीडीएफ मशीन (डक्टच्या टोकालाच जोडणीची फ्लँज काढणारं) रोजचं काम वाढल्यावर बघू.