पित्ताशयात खडे निघालेत आणि पिशवी काढायला सांगितलीय, ऑपरेशन आणि नंतरचे दिवस नक्की कसे असतात?

तुम्ही लिहिलंय की सोनोग्राफीत खडे दिसले, जेवणानंतर कळ येऊन दोन-तीन रात्री जागून काढाव्या लागल्या, सर्जननी दुर्बिणीतून पिशवी काढायला सांगितलंय, आणि आता तुम्हाला तीन गोष्टी छळतायत: नुसते खडे काढून पिशवी ठेवता येत नाही का, नंतर किती दिवस त्रास, आणि आयुष्यभर पथ्य पाळावं लागणार का. माझी पिशवी दुर्बिणीतूनच काढलीय, आणि ऑपरेशनच्या आधी मी पण अगदी याच तीन प्रश्नांनी घाबरले होते, म्हणून जरा सविस्तर लिहिते. मी डॉक्टर नाही, तुमचे रिपोर्ट बघून सर्जन जे सांगतील ते माझ्या लिहिण्याच्या वर धरा.

आधी पिशवी ठेवण्याबद्दल. पित्तरस तयार होतो लिव्हरमध्ये, रोज साधारण अर्धा ते एक लिटर. पित्ताशयात मावतो जेमतेम 30 ते 50 मिली, तिथे त्यातलं पाणी शोषलं जाऊन तो घट्ट होतो आणि आपण काही स्निग्ध खाल्लं की पिशवी आवळते आणि रस आतड्यात जातो. रसात कोलेस्टेरॉल जास्त झालं किंवा पिशवी नीट रिकामी होईना की तिथेच खडे धरायला लागतात. म्हणजे नुसते खडे काढले तरी ते धरणारी पिशवी तशीच राहते आणि परत खडे होतात, म्हणून पिशवीसकट काढतात. विरघळवायच्या गोळ्या असतात, अर्सोडिऑक्सिकोलिक ॲसिडच्या, पण त्या फक्त छोट्या, कोलेस्टेरॉलच्या, कॅल्शियम न साचलेल्या खड्यांवर चालतात, महिनोन् महिने घ्याव्या लागतात आणि थांबवल्यावर बऱ्याच जणांना पुन्हा खडे होतात. ज्यांना ऑपरेशन झेपणारच नाही अशांसाठी तो मार्ग ठीक आहे.

आणि एक कळकळीने सांगते, ऑलिव्ह ऑइल आणि लिंबाचा रस पिऊन 'खडे पाडायचे' व्हिडिओ तुम्हाला कुणीतरी पाठवणारच, मला पण आले होते. त्यात सकाळी जे हिरवे मऊ गोळे पडलेले दाखवतात ते पित्ताशयातले खडे नसतात, त्या तेलावर पोटातच क्रिया होऊन तयार झालेल्या साबणासारख्या गाठी असतात. खडे आहेत तिथेच राहतात. उलट एवढं तेल एका वेळी पोटात गेल्यावर पिशवी जोरात आवळते आणि एखादा छोटा खडा पित्तरस आतड्यात नेणाऱ्या नळीत जाऊन अडकू शकतो. प्लीज करू नका.

मग थांबलं तर काय होतं? खडे असून कधीच त्रास न झालेली पुष्कळ माणसं असतात आणि त्यांना सहसा ऑपरेशन सांगत नाहीत. पण एकदा कळा सुरू झाल्या की त्या परत येण्याची शक्यता बरीच असते, आणि खरी भीती कळांची नाहीच, खडा घसरून मुख्य पित्तनलिकेत गेला तर कावीळ होते, नळीत इन्फेक्शन होतं, किंवा स्वादुपिंडाला सूज येते आणि ती जिवावर बेतू शकते. पिशवी शांत असताना ठरवून केलेलं ऑपरेशन आणि ती सुजून पू झाल्यावर घाईघाईत केलेलं ऑपरेशन यात सर्जनसाठी पण खूप फरक पडतो, सुजलेल्या पिशवीत आतलं सगळं एकमेकांना चिकटलेलं असतं. म्हणून माझं स्पष्ट मत, कळा येतायत आणि सर्जन करा म्हणतायत तर रेंगाळू नका. मधल्या काळात ताप आला, डोळे पिवळे दिसले, लघवी गडद झाली किंवा कळ काही तासांत थांबलीच नाही तर तारखेची वाट न बघता सरळ इमर्जन्सीत जायचं.

ऑपरेशनच्या आधी रक्ताच्या तपासण्या होतात, त्यात लिव्हरच्या टेस्ट महत्त्वाच्या, त्या बिघडलेल्या असतील किंवा नळी फुगलेली दिसली तर एमआरसीपी नावाचा स्कॅन सांगतात, आणि नळीत खडा सापडला तर बऱ्याचदा तोंडातून दुर्बीण घालून तो आधी काढतात, त्याला ईआरसीपी म्हणतात. तुम्ही रक्त पातळ करायची, शुगरची, बीपीची जी काही औषधं घेता ती सगळी भूलतज्ज्ञांना सांगा, कुठली चालू ठेवायची कुठली बंद करायची ते तेच ठरवतील. कशाची ॲलर्जी असेल, दात हलत असेल, मागे कधी भुलेचा त्रास झाला असेल तर तेही सांगायचं. उपाशी राहायची वेळ सांगतील ती काटेकोर पाळा.

प्रत्यक्ष ऑपरेशन पूर्ण भूल देऊन होतं त्यामुळे तुम्हाला काही कळत नाही. पोटावर साधारण चार छोटी छिद्रं पाडतात, एक बेंबीपाशी, बाकीची बरगड्यांच्या खाली. पोटात कार्बन डायऑक्साइड भरून ते फुगवतात म्हणजे आत काम करायला जागा होते, मग पिशवीची नळी आणि रक्तवाहिनी नीट ओळखून त्यांना क्लिपा लावतात, मध्ये कापतात, पिशवी लिव्हरपासून सोडवून बहुतेक वेळा बेंबीच्या छिद्रातून बाहेर काढतात. तासाभराचं काम, कमी-जास्त होतं. संमतीपत्रावर 'गरज पडल्यास पोट उघडून' असं लिहिलेलं असतं ते वाचून दचकू नका. आत खूप चिकटलेलं असेल आणि नळ्या स्पष्ट दिसत नसतील तर मोठा छेद घेणं हाच शहाणपणा असतो, कारण चुकून मुख्य पित्तनलिकेला इजा झाली तर ते फार महागात पडतं. असं क्वचितच होतं, पण सर्जनला हा प्रश्न मोकळेपणाने विचारा, चांगले सर्जन शांतपणे उत्तर देतात.

मला सगळ्यात धीर कशाने आला सांगू? ही पिशवी पहिल्यांदा काढली बर्लिनमध्ये कार्ल लांगेनबुख यांनी 1882 मध्ये, आणि दुर्बिणीतून पहिल्यांदा काढली जर्मनीतच एरिख म्यूहे यांनी 1985 मध्ये. म्हणजे शंभराहून जास्त वर्षं झाली, माणसं पित्ताशयाशिवाय जगतायत. घोड्याला तर पित्ताशय मुळात नसतंच. लिव्हर पित्तरस करतच राहतं, फक्त तो साठवून एकदम सोडण्याऐवजी आतड्यात थोडा थोडा सतत झिरपत राहतो, छतावरची टाकी काढून नळ थेट जोडल्यासारखं.

आता नंतरचं, इथे मी जास्त लिहिणार आहे, कारण कुठलं दुखणं अपेक्षित आहे आणि कुठलं नाही हे आधी माहीत असलं की निम्मी भीती तिथेच जाते.

शुद्धीवर आलात की घसा खवखवेल, भुलेच्या वेळी श्वासाची नळी घातलेली असते त्याने. मळमळ होऊ शकते, लगेच सांगा, त्याचं इंजेक्शन असतं, सोसत बसायचं कारण नाही. आणि मग खांदा, बहुतेक उजवा. पोटाचं ऑपरेशन आणि खांदा का ठणकतोय म्हणून माणूस घाबरतो, छातीत काही झालं का असं वाटतं. पोटात भरलेला गॅस थोडा मागे राहतो, तो पोट आणि छातीमधल्या पडद्याला डिवचतो, आणि त्या पडद्याची आणि खांद्याची जाणीव मानेतल्या त्याच नसांमधून जाते म्हणून मेंदूला खांदा दुखतोय असं वाटतं. एक-दोन दिवस, कुणाला तीन दिवस राहतं. चाललं की बरं वाटतं, गरम पिशवीने शेकलं की बरं वाटतं (खांदा शेकायचा, टाके नाही). पण छातीत दाबल्यासारखं झालं, धाप लागली तर मात्र ते गॅसवर ढकलून गप्प बसू नका, लगेच सांगा.

त्याच दिवशी उठवून चालवतात. नको वाटतं पण चालायचंच, पायात रक्ताच्या गाठी होऊ नयेत म्हणून आणि आतडी लवकर कामाला लागावीत म्हणून. उठताना सरळ उठून बसू नका, आधी गुडघे दुमडायचे, कुशीवर वळायचं, पाय खाली सोडायचे आणि हाताने रेटा देऊन उठायचं, पोटावर ताणच येत नाही. खोकताना, शिंकताना, हसताना पोटावर उशी घट्ट धरायची. ही उशी घरी जाताना गाडीत पण जवळ ठेवा, सीटबेल्ट आणि पोट यांच्यामध्ये.

चारही छिद्रांमध्ये बेंबीचं जास्त दुखतं, पिशवी तिथूनच बाहेर काढलेली असते त्यामुळे. आजूबाजूला निळं-जांभळं होऊ शकतं, हाताला खाली घट्ट गाठ लागते, ते हळूहळू जातं. पेनकिलर दुखणं वाढायची वाट न बघता लिहून दिलेल्या वेळेला घ्या, सुरुवातीचे दोन-तीन दिवस तरी. त्यातल्या स्ट्राँग गोळ्यांनी पोट साफ होत नाही आणि टाके असताना कुंथणं फार वाईट, म्हणून पाणी भरपूर प्या आणि पोट साफ व्हायचं सौम्य औषध डॉक्टरांना आधीच विचारून ठेवा.

बऱ्याच लोकांना आणि खास करून घरच्यांना एक गोष्ट कळत नाही. बाहेरून चार छोट्या पट्ट्या दिसतात म्हणून सगळ्यांना वाटतं काहीच झालं नाही, आठवड्यात उठून कामाला लागा. आत लिव्हरवरून एक अवयव सोडवून काढलेला असतो, ती जखम दिसत नाही पण शरीर ती भरून काढत असतं. मला दुपारी अचानक गळून गेल्यासारखं व्हायचं, सकाळी बरं वाटलं म्हणून दोन कामं जास्त केली की दुसऱ्या दिवशी अंथरूण धरायचं, आणि असं कितीतरी दिवस वरखाली चाललं. हे असंच असतं, सरळ रेषेत कुणी बरं होत नाही. टेबलवर बसून काम असेल तर बरेच जण एक-दोन आठवड्यांत जातात, अंगमेहनतीचं असेल तर जास्त वेळ मागा आणि मागताना संकोच करू नका. चार-पाच किलोच्या वरचं काही काही आठवडे उचलायचं नाही, किती ते सर्जन सांगतील, यात लहान मूल पण आलं, त्याला खाली बसून जवळ घ्या. गाडी चालवणं स्ट्राँग पेनकिलर बंद झाल्यावर आणि अचानक ब्रेक दाबताना पोटात दुखत नसेल तेव्हाच. पोट उघडून ऑपरेशन झालं असेल तर हे सगळंच दीड-दोन महिन्यांवर जातं.

खाण्याबद्दल. आयुष्यभराचं पथ्य बहुतेकांना लागत नाही. सुरुवातीला थोडं थोडं, जास्त वेळा खायचं, आणि तळलेलं, तेलकट, मलईचं एकदम भरपूर खायचं नाही, कारण आता रस एका झटक्यात सुटत नाही त्यामुळे खूप स्निग्ध एका वेळी पचायला जड जातं. स्निग्ध पूर्ण बंद करायची गरज नसते, दिवसभरात वाटून खायचं. एक एक पदार्थ परत सुरू करा म्हणजे कशाने बिघडलं ते कळतं. काही जणांना जेवण झालं की लगेच पळावं लागतं, पातळ होतं, कारण पित्तरस सतत येत राहतो आणि त्यातली आम्लं मोठ्या आतड्यात पोचली की जुलाब होतात. बहुतेकांचं काही आठवड्यांत आपोआप बसतं. विरघळणारा फायबर म्हणजे ओट्स, इसबगोल वगैरे हळूहळू वाढवला की फरक पडतो, आणि तरीही महिनोन् महिने चालू राहिलं तर लाजून घरात बसू नका, पित्ताची आम्लं बांधून ठेवणारं कोलेस्टिरामिन नावाचं औषध असतं, डॉक्टरांना विचारा.

आता काय झालं तर थांबायचं नाही ते. 38 सेल्सिअसच्या वर ताप, थंडी वाजणं, पोटातलं दुखणं रोज कमी व्हायच्या ऐवजी वाढत जाणं, पोट फुगून कडक होणं, सारख्या उलट्या, डोळे किंवा त्वचा पिवळी, लघवी गडद आणि शौच फिकट मातकट, टाक्यातून पू, एका पायाची पोटरी सुजून दुखणं. कावीळ किंवा वाढत जाणारं दुखणं म्हणजे आत पित्तरस गळत असू शकतो किंवा नळीत खडा राहिलेला असू शकतो, दोन्हीवर चांगला उपाय आहे पण वेळेत कळलं तर. अशा वेळी रात्र आहे, डॉक्टरांना कशाला त्रास द्यायचा असला विचार अजिबात करायचा नाही.

आणि काढलेली पिशवी सहसा तपासणीला पाठवतात, तिचा बायोप्सी रिपोर्ट काही दिवसांनी येतो. डिस्चार्जच्या गडबडीत तो राहून जातो, तुम्ही आठवणीने मागून घ्या आणि सर्जनना दाखवा, फार क्वचित त्यात काहीतरी निघतं जे लवकर कळणं खूप गरजेचं असतं. तो रिपोर्ट, डिस्चार्जचा कागद आणि ऑपरेशनची नोंद एकत्र जपून ठेवा. क्लिपा बहुतेक टायटॅनियमच्या असतात आणि एमआरआयला चालतात, पण पुढे कधी एमआरआय करायची वेळ आली तर तिथे सांगावं लागतं, आणि पुढे कधी तशीच कळ आली तरी पिशवी नाही म्हणजे खडा असूच शकत नाही असं धरू नका, नळीत खडा नंतरही होऊ शकतो, तेव्हा तपासणाऱ्या डॉक्टरांना हेच कागद लागतात.