मनोयुद्धाचा अभ्यास करू पाहणाऱ्यास

प्रिय अभ्यासकास,

सप्रेम नमस्कार.

तुझ्या प्रबंधाचा आराखडा वाचला. आधुनिक संघर्षांतील मानसशास्त्रीय युद्ध हा विषय घेऊन तू पत्रके, रेडिओ, अफवा, बनावट चित्रफिती, समाजमाध्यमांवरची खोटी खाती अशी साधनांची भलीमोठी यादी केली आहेस. साधनांपासून सुरुवात करू नकोस, एवढेच मला आधी सांगायचे आहे. अशा प्रत्येक कारवाईत कोणाकडून तरी एखादा निर्णय करवून घ्यायचा असतो: शस्त्र खाली ठेव, माघार घे, तुझ्या सेनापतीवर विसंबू नकोस. तो माणूस कोण, त्या घटकेला तो खरोखर कोणत्या अवस्थेत होता आणि त्याच्या कानी घातलेली गोष्ट त्या अवस्थेशी कितपत जुळत होती, हे आधी शोध. साधनाचा विचार त्यानंतर.

१९७१ च्या बांगलादेश युद्धातले ढाका तू एका ओळीत उरकले आहेस, ते मला पटले नाही, कारण ते एका संपूर्ण प्रकरणाला पुरेल. ११ डिसेंबरला टांगाइलजवळ दुसऱ्या पॅरा बटालियनच्या गटाचे सुमारे ७०० छत्रीधारी सैनिक उतरले. (ही बटालियन मूळची मराठा लाइट इन्फन्ट्रीची, महाराष्ट्रातही हे फारसे कोणाच्या ध्यानात नसते.) लोहाजंग नदीवरचा पुंगली पूल ताब्यात घेऊन मैमनसिंगकडून ढाक्याच्या दिशेने माघारी येणाऱ्या पाकिस्तानी ब्रिगेडची वाट अडवायची, एवढेच मर्यादित काम त्यांच्याकडे होते. इकडे दिल्लीत लष्कराची प्रसिद्धी सांभाळणारे राममोहन राव यांनी वृत्तपत्रांना छत्रीधारी सैनिकांचे एक छायाचित्र दिले. ते जुन्या सरावाच्या वेळचे होते, पण तसे त्यांनी सांगितले नाही. परदेशी बातम्यांत उतरलेल्या सैनिकांचा आकडा पाच हजारांवर गेला, आणि ढाक्यातल्या सेनाधिकाऱ्यांनी त्या बातम्या ऐकल्या.

याच दिवसांत भारताचे लष्करप्रमुख जनरल माणेकशॉ रेडिओवरून आणि विमानांतून टाकलेल्या पत्रकांमधून पाकिस्तानी सैन्याला शरण येण्याचे आवाहन करत होते. तुम्ही वेढले गेला आहात, शरण आलात तर जिनीव्हा करारानुसार सन्मानाने वागवले जाईल, असा त्या आवाहनाचा आशय होता. त्यातला दुसरा भाग नीट वाच. पाकिस्तानी सैन्याने बंगाली जनतेवर नऊ महिने केलेल्या अत्याचारांनंतर पाकिस्तानी सैनिकाला भारतीय सैन्यापेक्षा मुक्तिवाहिनीच्या, म्हणजे बंगाली स्वातंत्र्यसैनिकांच्या, हाती सापडण्याची धास्ती अधिक होती. म्हणून ‘आमच्याकडे या’ या म्हणण्याला वजन होते, आणि पाठीशी वस्तुस्थितीही होती: समुद्राची वाट बंद झालेली, पूर्वेकडील पाकिस्तानी हवाई दल पहिल्या काही दिवसांतच निकामी झालेले, बाहेरून मदत येण्याची आशा मावळत चाललेली. १४ डिसेंबरला भारतीय मिग विमानांनी ढाक्यातल्या गव्हर्नर हाऊसवर हल्ला केला आणि त्याच दिवशी पूर्व पाकिस्तानचे गव्हर्नर मलिक यांनी राजीनामा दिला. १६ तारखेला तिथल्या पाकिस्तानी सैन्याचे सेनापती नियाझी यांनी शरणागतीवर सही केली. छायाचित्र दिशाभूल करणारे होते, पण ज्या वेढ्याची कल्पना ते मनात उभी करत होते तो वेढा खरा होता.

आठवणीपर लेखन वाचताना मात्र सावध राहा. ढाक्यात पाकिस्तानचे २६ हजारांहून अधिक सैनिक असताना बाहेर आपले तीनेक हजारच होते, असे तेव्हा भारतीय पूर्व कमांडचे चीफ ऑफ स्टाफ असलेले लेफ्टनंट जनरल जेकब यांनी सांगितले आहे. नियाझींनी मात्र पराभवाचे खापर वरिष्ठांवर फोडले आहे. युद्धानंतर लिहिणाऱ्या प्रत्येकाला आपली चाल निर्णायक होती असे वाटते. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडली, ही शक्यता तू दर वेळी तपासलीच पाहिजेस.

१९९१ च्या आखाती युद्धाबद्दलही हेच. अमेरिका आणि तिच्या मित्रराष्ट्रांनी सुमारे २ कोटी ९० लाख पत्रके टाकली आणि ८० हजारांहून अधिक इराकी सैनिक कैद झाले. हे दोन आकडे शेजारी ठेवून निष्कर्ष काढण्याचा मोह आवर. आधी पत्रक टाकून ‘येथे बॉम्बवर्षाव होणार आहे’ असे बजावायचे आणि मग सांगितल्याप्रमाणे खरोखरच बॉम्ब टाकायचे, अशी तेथील पद्धत होती. पुढच्या पत्रकावर विश्वास बसला तो त्यामुळे. कैद्यांना विचारल्यावर पत्रकांचा परिणाम झाल्याचे बहुतेकांनी सांगितले खरे, पण प्रश्न विचारणारा तोच त्यांना डांबून ठेवणारा होता, हे तळटीपेत न टाकता मुख्य मजकुरात लिही.

युक्रेनवर तुझी पाने बरीच आहेत, म्हणून थोडक्यात लिहितो. १६ मार्च २०२२ रोजी झेलेन्स्की सैनिकांना शस्त्रे खाली ठेवायला सांगत असल्याची बनावट चित्रफीत पसरवण्यात आली, आणि ती फसली. ती ओबडधोबड होती, हे कारण तू दिले आहेस. माझ्या मते ते दुय्यम आहे. असे काही येईल असा इशारा युक्रेनच्या सरकारने आधीच देऊन ठेवला होता. शिवाय २५ फेब्रुवारीच्या रात्री झेलेन्स्कींनी सहकाऱ्यांसह कीव्हच्या रस्त्यावर उभे राहून ‘आम्ही येथेच आहोत’ असे सांगितलेले लोकांनी पाहिले होते. ज्या समजुतीवर ही लबाडी उभी राहायची, ती आधीच मोडली गेली होती. मात्र एकट्याने अनेक रशियन विमाने पाडणाऱ्या, ‘कीव्हचे भूत’ म्हणून गाजलेल्या वैमानिकाची दंतकथाही याच युद्धातली आहे, आणि ती खरी नसल्याचे युक्रेनच्या हवाई दलाने एप्रिल २०२२ च्या अखेरीस स्वतः मान्य केले. सहानुभूती ज्या बाजूला आहे, त्या बाजूचे असत्य सौम्य शब्दांत मांडण्याची सवय तुझ्या लिखाणात दिसते. ती काढून टाक.

राहिला मे २०२५ चा भाग. भारत-पाकिस्तान संघर्षाच्या त्या दिवसांत कराची बंदर उद्ध्वस्त झाल्याचे काही वाहिन्यांनी सांगितले, व्हिडिओ गेममधली दृश्ये खरी म्हणून दोन्ही देशांत फिरली आणि आपल्या घरोघरच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांनी ती पुढे ढकलली. हे सगळे तू मानसशास्त्रीय युद्धाच्या खात्यात घातले आहेस, पण ते कोणी, कोणासाठी आणि कोणता निर्णय घडवायला केले, हे दाखवलेले नाही. प्रेक्षकसंख्येच्या हव्यासातून किंवा नुसत्या उत्साहातून पसरलेली खोटी बातमी घातक असली तरी ती वेगळ्या प्रकारची असते. हेतू आणि लक्ष्य यांचा पुरावा मिळत नसेल, तर तो भाग परिशिष्टात जाऊ दे. प्रबंध लहान झाला तरी हरकत नाही.

पुढच्या वेळी संपूर्ण आराखडा पाठवण्याऐवजी ११ ते १६ डिसेंबर १९७१ या सहा दिवसांची कालरेषा तेवढी करून पाठव. एका रकान्यात प्रत्यक्ष लष्करी घटना, दुसऱ्यात ढाक्यातल्या अधिकाऱ्यांपर्यंत त्या दिवशी काय पोहोचले, आणि तिसऱ्यात त्यांनी घेतलेले निर्णय, वेळेसह. दुसरा रकाना भरताना सर्वांत जास्त त्रास होईल. तेथे रिकाम्या राहतील त्या जागा अंदाजाने भरू नकोस.

तुझा,
एक जुना शिक्षक