वास्तुशांतीसाठी भेटवस्तूंची ऑनलाइन यादी निवडताना
सांगलीकडे वास्तुशांतीच्या पत्रिकेवर आहेराचा उल्लेख अनेकांना खटकतो, त्यामुळे आपल्याला हव्या असलेल्या भेटवस्तूंच्या ऑनलाइन यादीची लिंक पत्रिकेत छापू नये. ज्यांनी आपणहून ‘काय आणू?’ असे विचारले, त्यांनाच ती व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवावी. अशी यादी बनवून देणारी मोफत सेवा निवडताना पाहुण्याला खाते न उघडता, ओटीपीच्या भानगडीत न पडता, वस्तू आपल्या नावावर राखून ठेवता येते का, हे मी सर्वांत आधी पाहतो. ही सोय नसेल तर बाकीची सजावट निरुपयोगी आहे, कारण तीन मिक्सर आणि पाच घड्याळे घरात येणे तिने टळत नाही. शिवाय यादी एकाच संकेतस्थळाच्या मालापुरती बांधलेली नसावी. गणपती पेठेतल्या दुकानातून पितळी समई घेऊ इच्छिणाऱ्या आत्यांना नुसत्या नावाने नोंदवलेली वस्तूही निवडता आली पाहिजे. रोख आहेराची सोय असल्यास त्यावरचे शुल्क कोण भरतो, ते वाचून घ्यावे. घराचा पूर्ण पत्ता यादीवर उघडा ठेवू नये. पाहुणे मोजकेच असतील तर गूगल शीट्समधील साधा तक्ताही पुरतो, मात्र इतरांना तो केवळ पाहण्याची परवानगी देऊन नोंदी घरातल्या एकानेच कराव्यात.