पुरुषांच्या न्याहारीचे अभिप्राय

आपल्या चर्चच्या पुरुष मंडळाच्या न्याहारीची जबाबदारी तू घेतलीस, फार आनंद वाटला. अभिप्राय घ्यायचे तर शेवटची प्रार्थना झाल्यावर, चहाचे कप हातात असतानाच चिठ्ठ्या वाट. ‘कसं वाटलं?’ विचारशील तर सगळे ‘छान’ लिहून मोकळे होतील. त्यापेक्षा विचार: आज कोणाशी मनापासून बोलणं झालं? कुठे कंटाळा आला? नाव लिहायला लावू नकोस. पाळकसाहेबांचं मनन, म्हणजे बायबलवरचं बोलणं, लांबलं, हे आपल्याकडे कोणी नावानिशी लिहीत नाही.

खरी माहिती मात्र न आलेल्यांकडे असते. चाकणला रात्रपाळी करून सकाळी पुण्यात परतणाऱ्याला सातची न्याहारी कशी जमणार? अशांना फोन कर. मेसेज नको, फोनच. आधी घरची विचारपूस, मग न्याहारीचा विषय. कोणाची नोकरी गेलेली असते, कोणाच्या घरी आजारपण असतं. कळलं की भेटायला जा.

उपम्यात मीठ कमी पडलं, यासाठी कमिटीची बैठक नको. पण ‘माझ्याशी कोणी बोललं नाही’ अशी एक जरी चिठ्ठी आली तरी दारातच नव्या माणसाला हाताला धरून आत नेणारा कोणीतरी नेम. बायबलमध्ये योहानाच्या शुभवर्तमानाच्या 21व्या अध्यायात प्रभू येशूने शिष्यांसाठी किनाऱ्यावर भाकर आणि मासळी तयार ठेवली होती. त्यांच्यातल्या पेत्राशी तो बोलला तो सगळ्यांचं खाणं झाल्यावर. आपणही तोच क्रम ठेवावा असं मला मनापासून वाटतं.

एका वेळी एकच बदल कर आणि तो चिठ्ठ्यांवरून केला हे पुढच्या न्याहारीला सर्वांना सांग. नाहीतर लवकरच चिठ्ठ्या कोऱ्या परत येतील.