प्रश्न तुमचे : कमी पैशात हॉस्पिटलचा हॉरर गेम

या वेळची बहुतेक पत्रं एकाच गोष्टीची आहेत: दोघं-तिघं मित्र, एक साधा लॅपटॉप आणि हॉस्पिटलमध्ये घडणारा सर्व्हायव्हल हॉरर गेम, म्हणजे भीतिदायक जागेतून जीव वाचवत निघायचा खेळ. उत्तरं गोडो ४ हे गेम बनवायचं सॉफ्टवेअर धरून दिली आहेत. ते फुकट आहे, विक्रीत वाटा मागत नाही आणि जुन्या मशीनवरही चालतं. युनिटी किंवा अनरिअल वापरत असाल तर मेनूतली नावं बदलतील, हिशेब तोच राहील.

आम्ही दोघं आहोत. एकाला ब्लेंडर (थ्रीडी मॉडेल करायचं सॉफ्टवेअर) येतं, दुसऱ्याला कोडिंग. आठ जीबी रॅम, चार जीबीचं ग्राफिक्स कार्ड. तीन मजली सरकारी रुग्णालय, दहा वॉर्ड असा आराखडा आहे. सहा महिन्यांत होईल का? (सांगली)

नाही होणार. एकच मजला घ्या, बारा खोल्या करा आणि खेळणाऱ्याला त्याच कॉरिडॉरमधून पाच-सहा वेळा न्या. पहिल्या खेपेला सगळ्या ट्यूब चालू, दुसऱ्या खेपेला मधली एक बंद, तिसऱ्या खेपेला वाटेत स्ट्रेचर आडवं. काम कमी होतं हे खरंच, पण मोठं कारण वेगळं आहे. पळताना डावीकडे ड्रेसिंग रूम आहे हे ज्याला आठवतं, त्यालाच ती बंद मिळाल्यावर धडकी भरते. अनोळखी जागेत माणूस घाबरत नाही, नुसता चुकतो.

बांधकाम तीन मीटरच्या ग्रिडवर (चौकोनांच्या जाळीवर) करा. सात तुकडे पुरतात: साधी भिंत, दाराची भिंत, खिडकीची भिंत, आतला कोपरा, बाहेरचा कोपरा, फरशी, छत. खऱ्या हॉस्पिटलचा कॉरिडॉर साधारण २.४ मीटर रुंद असतो, दोन स्ट्रेचर समोरासमोर निघावीत म्हणून. गेममध्ये तो ३ मीटर ठेवा, कारण फर्स्ट पर्सन (खेळणाऱ्याच्या डोळ्यांतून दाखवणाऱ्या) कॅमेऱ्यातून जागा अरुंद वाटते. भिंतीला खाली १.२ मीटरपर्यंत ऑइल पेंट, वर डिस्टेंपर, मधे गडद पट्टी. एवढं केलं की आपल्याकडचा कुणीही माणूस जागा ओळखतो.

वस्तू तीसच करा, पण बघून करा. लोखंडी खाट आणि तिच्या पायथ्याला अडकवलेला चार्ट, बाजूचं लॉकर, सलाईनचा स्टॅण्ड, हिरवा पडदा, केस पेपरचे दोऱ्याने बांधलेले गठ्ठे. ऑक्सिजनचं सिलिंडर काळं आणि त्याचा खांदा पांढरा, हे चुकवू नका. ऑर्थो वॉर्ड असेल तर ट्रॅक्शनला (मोडलेला पाय ताणून ठेवायला) वजन म्हणून दोरीला लटकवलेली वीट दाखवा. अंधारात हलकेच झुलणारी ती वीट दहा विकतच्या मॉडेलांपेक्षा जास्त काम करील.

मेमरीचा हिशेब आधीच करून ठेवा. ४०९६ × ४०९६ चं एक टेक्स्चर (वस्तूच्या पृष्ठभागावर चढवायचं चित्र) कॉम्प्रेस न करता सुमारे ६४ एमबी खातं, आणि एका मटेरियलला रंग, नॉर्मल (उंचसखलपणा), रफनेस (खरखरीतपणा) अशी तीन लागतात. अशी वीस मटेरियल झाली की चार जीबीचं कार्ड संपलं. भिंती, चौकटी, पट्ट्या, पाइप हे सगळं २०४८ च्या एकाच ट्रिम शीटवर (अनेक पट्ट्यांचे नमुने एकत्र असलेल्या चित्रावर) बसवा आणि इम्पोर्ट करताना व्हीरॅम (ग्राफिक्स कार्डाची मेमरी) कॉम्प्रेशन चालू ठेवा.

गेम अंधारा केला तर काहीच दिसत नाही. थोडा उजळ केला तर भीती जाते. शिवाय अंधाऱ्या भिंतीवर पट्टे-पट्टे दिसतात. (अकोला)

तुम्ही अ‍ॅम्बियंट लाइट (सगळीकडे सारखा पसरलेला उजेड) शून्य केला असणार. तो थोडासा, निळसर झाक देऊन ठेवा. कपाटाची कड जेमतेम कळावी पण त्यामागे काय आहे ते कळू नये, इथपर्यंत. टॉर्चचा कोन एकूण ४५ अंश, पल्ला १० ते १२ मीटर. आणि कुठेही उभं राहिलं तरी दूरवर एक दिवा दिसला पाहिजे: ड्युटी रूमचा बल्ब, खिडकीतून येणारा रस्त्यावरचा पिवळा उजेड, फ्रीजचा लाल ठिपका. तो दिवा म्हणजे पुढे कुठे जायचं ते सांगणारी खूण. तो नसेल तर खेळणारा भिंती चाचपत बसतो आणि दहा मिनिटांत गेम बंद करतो.

पट्टे दिसतात ते आठ बिटांच्या रंगामुळे. काळ्याच्या जवळच्या छटाच मोजक्या असतात. प्रोजेक्ट सेटिंग्जमध्ये डिबँडिंग चालू करा आणि वर थोडं फिल्म ग्रेन (बारीक दाणे) टाका, पट्टे जातील.

दिवे शक्यतो बेक करा, म्हणजे उजेड-सावली आधीच मोजून साठवून ठेवा. ओम्नी लाइटची (सगळ्या दिशांना उजेड टाकणाऱ्या दिव्याची) सावली काढायला चहूबाजूंचं चित्र पुन्हा काढावं लागतं, म्हणून असे चार-पाच दिवे एकत्र आले की फ्रेम रेट (सेकंदाला दिसणारी चित्रं) कोसळतो. सावली पाडणारे जिवंत दिवे एका वेळी दोनच ठेवा, त्यातला एक टॉर्च. बेक केल्यावर भिंतीच्या सांध्यांतून उजेड गळत असेल तर तुमची भिंत म्हणजे जाडी नसलेला नुसता पत्रा आहे. तिला २० सेंटीमीटर जाडी द्या. फरशीवर काळ्या रेघा उमटत असतील तर एका खोलीची फरशी ब्लेंडरमध्ये जोडून एकच मेश (सलग आकार) करा.

लुकलुकणाऱ्या ट्यूबबद्दल थोडं सांगायला हवं, कारण हिच्यात हमखास घाई होते. दर फ्रेमला रँडम आकडा दिला की ती डिस्कोसारखी दिसते. स्टार्टर गेलेली ट्यूब नीट आठवा: आधी दोन्ही टोकं नारिंगी होतात, मग एकदा पूर्ण पेटते, विझते, पुन्हा टोकं नारिंगी, दोन-तीन झटके, मग मोठा विराम. हा क्रम हाताने कर्व्हमध्ये (वेळेनुसार उजेड ठरवणाऱ्या आलेखात) काढा आणि चोकची गुणगुण त्याला जोडा. झटके एका सेकंदात तीनच्या वर नेऊ नका. त्याहून जलद चमकणाऱ्या उजेडाने काहींना अपस्माराचा झटका येऊ शकतो. सेटिंगमध्ये लुकलुक बंद करण्याची सोयही द्या.

आमचा राक्षस दारात अडकतो. आणि जिथे अडकत नाही तिथे लगेच पकडतो, मग सगळे कंटाळतात. (नाशिक)

पहिली अडचण मापाची आहे. गोडोच्या नेव्हिगेशन मेशमध्ये (शत्रूला चालता येईल अशा जागेच्या नकाशात) एजंट रेडियस, म्हणजे शत्रूने भिंतीपासून राखायचं अंतर, आधीपासून ०.५ मीटर असतो. म्हणजे शत्रूला दोन्ही बाजूंनी मिळून एक मीटर जागा सोडावी लागते. तुमचं दार ९० सेंटीमीटरचं असेल तर त्यातून वाटच तयार होत नाही. रेडियस ०.३ करा, सेल साइज (त्या नकाशाच्या एका चौकोनाचं माप) ०.२५ वरून ०.१ वर आणा, आणि प्रोजेक्ट सेटिंग्जमधला नेव्हिगेशनचा सेल साइजही तेवढाच करा. दोन्ही जुळले नाहीत तर मेशच्या कडा जोडल्या जात नाहीत. वॉर्डचं दार तसंही दोन फळ्यांचं, १.२ मीटरच्या पुढचं असतं. दाराची फळी मेशमध्ये बेक करू नका आणि ती उघडत असताना शत्रूशी तिची टक्कर अर्धा सेकंद बंद ठेवा.

दुसऱ्या अडचणीचं कारण असं, की तुमच्या शत्रूला खेळणारा कुठे आहे हे कायम ठाऊक असतं. त्याला चार अवस्था द्या: फिरणं, संशय, शोध, पाठलाग. नजर ९० अंश, १२ मीटर. डोकं, छाती, कंबर अशा तीन ठिकाणी रेकास्ट (मधे आडोसा आहे का ते पाहणारी सरळ रेषा) टाका, म्हणजे खाटेमागे नुसतं डोकं दिसलं तर संशय आणि छातीही दिसली तर पाठलाग असं करता येतं. दिसल्याबरोबर धावून येऊ देऊ नका. संशयाची एक पट्टी भरत जाऊ द्या, जवळून अर्ध्या सेकंदात, लांबून दीड सेकंदात. ऐकण्यासाठी: वाकून चालणं १ मीटर, चालणं ४, धावणं १०, ट्रे पडला तर १५.

वेग असा धरा: खेळणारा चालताना सेकंदाला २.२ मीटर, धावताना ४.२. शत्रू पाठलागात ४.०. म्हणजे धावणारा किंचित पुढे राहतो, पण दम सहा सेकंदच पुरतो. ते सहा सेकंद संपायच्या आत एखादं दार, पडदा किंवा वळण लागलं पाहिजे. नकाशा आखताना हे अंतर मोजा: २५ मीटरच्या आत लपायची एक तरी जागा. शत्रू शेवटचं जिथे पाहिलं तिथे येऊन थांबला की दोन लपण्याच्या जागांपैकी एकच तपासू दे. आणि कपाटाच्या फटीतून त्याचे पाय दिसू देत. ते तीन-चार सेकंद म्हणजे या प्रकारच्या खेळाचा जीव आहे.

२०१४ च्या ‘एलियन : आयसोलेशन’ या गेममध्ये यावर एक सुंदर तोड आहे. तिथे दोन मेंदू आहेत. एकाला खेळणारा कुठे आहे ते माहीत असतं, पण तो शिकारी परग्रही प्राण्याला फक्त त्या भागाकडे वळवतो. प्रत्यक्ष प्राण्याला स्वतःच पाहावं-ऐकावं लागतं. तुमच्यासाठी याची स्वस्त आवृत्ती चार-पाच ओळींत होते: दर ४० सेकंदांनी तपासा, शत्रू २५ मीटरपेक्षा लांब असेल तर गस्तीची पुढची जागा खेळणाऱ्यापासून दोन खोल्यांवरची निवडा. नेमकी त्याचीच खोली कधीही देऊ नका.

टॉर्चच्या बॅटऱ्या किती ठेवायच्या? बंदूक द्यावी का? (पणजी)

बंदूक देऊ नका. माँट्रियलच्या रेड बॅरल्स या छोट्या स्टुडिओने २०१३ साली ‘आउटलास्ट’ केला. मनोरुग्णालयात अडकलेल्या पत्रकाराच्या हातात फक्त व्हिडिओ कॅमेरा, आणि त्याच्या नाइट व्हिजनला बॅटरी लागते. शस्त्र नाही म्हणजे गोळी लागण्याची, पडण्याची, मरण्याची अ‍ॅनिमेशन नाहीत. तुमचे दोन महिने वाचले.

बॅटरीचा हिशेब कागदावर करा. गेम ४५ मिनिटांचा आणि त्यातला ६० टक्के वेळ टॉर्च लागते, म्हणजे २७ मिनिटं. एक बॅटरी तीन मिनिटं चालली तर नऊ लागतात. खेळणारे साधारण तिसरा हिस्सा शोधतच नाहीत असं धरून चौदा ठेवा. खिशात एका वेळी तीनच मावू देत, नाहीतर साठवून ठेवतात आणि टंचाई जाणवतच नाही. हातात एकही उरली नसेल तर पुढच्या लॉकरमध्ये एक नक्की सापडेल, एवढी गुपचूप मदत कोडमध्ये ठेवा. मग पाच जणांना खेळायला बसवा, त्यांच्या मागे उभे राहा आणि काही सांगू नका. कोण कुठे किती बॅटऱ्या घेऊन पोहोचला हे लॉगमध्ये लिहून घ्या. चौदाचा आकडा तिथे बदलेल.

शत्रू म्हणून मनोरुग्ण दाखवले तर चालतील का? (पुणे)

तांत्रिक अडचण काहीच नाही, पण करू नका असं आम्ही मनापासून सांगू. घरात असा आजार असलेली माणसं हे खेळतात, त्यांची मुलंही खेळतात. ‘आउटलास्ट’वरही हा आक्षेप घेतला गेला होता. बंद पडलेल्या वॉर्डात भीती घालायला आजारी माणसाची गरज नाही. रिकाम्या खाटेशेजारी अजून टपकणारं सलाईन पुरेसं आहे.

औषधाच्या पेटीवर लाल अधिक चिन्ह काढलं आहे. एक मित्र म्हणतो ते चालत नाही. (सोलापूर)

मित्राचं बरोबर आहे. पांढऱ्यावर लाल क्रॉस हे जिनिव्हा करारांनी संरक्षित चिन्ह आहे, आणि भारतात १९६० चा जिनिव्हा करार कायदा त्याचा परवानगीविना वापर रोखतो. २०१७ साली ‘प्रिझन आर्किटेक्ट’ या गेमच्या कर्त्यांना याच कारणावरून ब्रिटिश रेडक्रॉसचं पत्र आलं आणि त्यांनी रंग बदलला. हिरव्यावर पांढरा क्रॉस काढा. रुग्णवाहिका, पाट्या, नर्सची टोपी, सगळीकडे तपासा.

आवाजासाठी पैसे नाहीत. बंद पडलेल्या हॉस्पिटलमध्ये जाऊन रेकॉर्ड करावं का? (कोल्हापूर)

जाऊ नका. परवानगी नसते, स्लॅब कुजलेला असतो, सुया पडलेल्या असतात, जुन्या छतात अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं. चालू हॉस्पिटलमध्येही नको, तिथे रुग्णांचं बोलणं रेकॉर्ड होतं.

सगळं घरी होतं. रात्री दोननंतर पंखा आणि फ्रीज बंद करा, मोबाइलला घोंगडीच्या आडोशाला ठेवा, ४८ किलोहर्ट्‌झ डब्ल्यूएव्हीमध्ये रेकॉर्ड करा. स्टीलच्या ताटावर चमचे म्हणजे सर्जरीचा ट्रे. भाजीच्या ट्रॉलीचं एक चाक थोडं सैल करून फरशीवर ओढा म्हणजे स्ट्रेचर. तो आवाज गेममध्ये ८० टक्के वेगाने वाजवा, जड वाटतो. प्रत्येक आवाजाचे निदान चार नमुने घ्या आणि वाजवताना पिच (स्वराची उंची) पाच टक्के खाली-वर करा, नाहीतर दुसऱ्याच दाराला कान ओळखतो की हे तेच आहे.

पार्श्वभूमीचा लूप (पुन्हा पुन्हा वाजणारा आवाज) ९० सेकंदांचा ठेवा आणि त्यात ओळखू येईल असं काहीही ठेवू नका, खोकला नको, कुत्रं नको. ते वेगळे आवाज २० ते ७० सेकंदांच्या अनियमित अंतराने वरून सोडा. कॉरिडॉरला दीड ते दोन सेकंदांचा रिव्हर्ब (आवाजाचं घुमणं), गाद्या-पडद्यांच्या वॉर्डला अर्धा सेकंद. शत्रू बंद दारामागे असेल तर त्याच्या पावलांवर ८०० हर्ट्‌झचा लो-पास फिल्टर (तीक्ष्ण स्वर गाळून फक्त खालचे सोडणारा) लावा. दार उघडलं की तो एकदम काढा. त्या क्षणाला वेगळं संगीत लागत नाही.

स्टीमवर (गेम विकणाऱ्या ऑनलाइन दुकानावर) टाकायला किती खर्च? गेम ४० मिनिटांचा आहे. (ठाणे)

एका गेमला १०० डॉलर. विक्री १,००० डॉलरवर गेली की ते परत मिळतात. पैसे भरल्यापासून ३० दिवस गेम प्रकाशित करता येत नाही, आणि ‘लवकरच येत आहे’ हे पान निदान दोन आठवडे लागलेलं असावं लागतं. ही मुदत तारीख ठरवतानाच धरा. तुमची खरी अडचण वेगळी आहे: स्टीमवर १४ दिवसांत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळलेला गेम परत करता येतो, म्हणजे तुमचा गेम पूर्ण खेळूनही पैसे परत मागता येतील. किंमत कमी ठेवा, पानावर खेळाची लांबी स्पष्ट लिहा. पहिली दहा मिनिटं डेमो म्हणून इच.आयओ या गेमच्या वेबसाइटवर फुकट द्या. तिथे टाकायला पैसे लागत नाहीत, आणि दार कुठे अडकतं ते लोक तुम्हाला तिथेच सांगतील.