बाबांची पॉलिसी बंद करू का?

"मॅडम, सात वर्षं बाबांच्या आरोग्य विम्याचा हप्ता भरतेय, एकदाही क्लेम नाही, आणि यंदा रिन्युअल 62 हजार आलंय. बंद करून टाकू का?"

हा प्रश्न माझ्याकडे सारखा येतो म्हणून हे विचारणाऱ्या मुलीची परवानगी घेऊन, ओळख पटणार नाही इतपत तपशील बदलून लिहितेय.

सांगलीकडची मुलगी, पगार 34 हजार. वडील 71, साखर कारखान्यातून रिटायर, बीपी आणि शुगर दोन्ही, आई 66. पुण्यातला भाऊ म्हणतो त्यापेक्षा एफडी कर. ती रडत नव्हती, पण मेडिकलवाल्याच्या पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत होती. पिशवीत पॉलिसीचे कागद आणि बाबांच्या गोळ्या. बीपीचं पाकीट महिन्यापूर्वीच संपायला हवं होतं, ते अर्धं शिल्लक होतं.

पुढच्या वेळी बाबांनाच बोलावलं. बराच वेळ गप्प, मग म्हणाले, "एक दिवसाआड घेतो. पोरीवर आधीच किती ओझं." मुलीला हे माहीतच नव्हतं!! घरात पैशावर उघड बोलणं होत नाही तेव्हा म्हातारी माणसं असा गुपचूप हिशोब करतात, आणि बीपीची गोळी चुकवून अर्धांगवायू आला तर त्यापुढे 62 हजार काहीच नाहीत. ही गोळी सरकारी आरोग्य केंद्रात फुकट मिळते, हे मी त्यांना तिथेच सांगितलं.

मग कागद काढले. पॉलिसी सोडली आणि दोन वर्षांनी परत घ्यायची म्हटलं तर या वयात कंपनी नाही म्हणू शकते, दिलीच तर जुन्या आजारांना तीन वर्षांपर्यंत वेटिंग, म्हणजे तोवर त्यांचा क्लेम मिळत नाही. सात वर्षं भरलेले पैसे वाया गेले असं तिला वाटत होतं, पण ते वेटिंग संपवलंय ना त्याच पैशांनी. बाबा सत्तरीपुढचे, म्हणून आयुष्मान वय वंदना कार्डावर त्यांना वर्षाला 5 लाखांपर्यंत उपचार मिळतात, खाजगी पॉलिसी असली तरी. रेशनकार्डावर महात्मा फुले योजना आहे, त्यात आईपण येते. फक्त दोन्ही कार्डं यादीतल्याच हॉस्पिटलात चालतात आणि ॲडमिट झाल्यावरच, म्हणून कोणतं हॉस्पिटल यादीत आहे ते आजच आरोग्यमित्राला (योजनेच्या हॉस्पिटलात पेशंटला मदत करणारा माणूस) विचारून ठेवा, रात्री दोन वाजता ॲम्ब्युलन्समध्ये बसून नाही.

आणि एक मला मनापासून वाटतं. हा पेच तिच्या एकटीचा नाहीच. 2017 च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणात लिहिलंय की आरोग्यावरचा सरकारी खर्च 2025 पर्यंत जीडीपीच्या अडीच टक्क्यांवर न्यायचा, 2021-22 ला तो 1.84 होता आणि त्याच वर्षी देशातल्या आरोग्यखर्चाचे शंभरातले 39 रुपये लोकांच्या खिशातून गेले. कार्डं वाटा, जरूर वाटा, पण तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात डॉक्टर आणि औषध असलं तर निम्म्या घरांची झोप उडणार नाही.

त्यांनी पॉलिसी ठेवली, विमा रक्कम 10 लाखांवरून 5 लाख केली, हप्ता कमी झाला. भावाला फोन तिने माझ्यासमोरच लावला, आवाज कापत होता, पण "अर्धे तू भर" हे एका दमात बोलली. तो लगेच हो म्हणाला, इतकी वर्षं कुणी विचारलंच नव्हतं त्याला.

मागच्या महिन्यात ती परत आली होती. बाबा आता रोज गोळी घेतली की पाकिटावर पेनाने तारीख टाकतात.