मांडवीचा पॅनोरमा जोडताना

रेइश मागूश किल्ल्यावरून समोरची पणजी एका फ्रेममध्ये मावत नाही, म्हणून पॅनोरमा, म्हणजे अनेक फोटो जोडून एक रुंद फोटो, काढताय ना? मग निम्मं काम तिथेच करून या. कॅमेरा उभा धरा, ३५ ते ५० मिमी लेन्स लावा, प्रत्येक फोटोत आधीच्याचा साधारण ३०% भाग येऊ द्या. एक्स्पोजर, फोकस, व्हाइट बॅलन्स तिन्ही मॅन्युअल. ऑटोवर ठेवलंत तर आभाळात पट्टे पडलेच म्हणून समजा. लेन्सवरचा पोलरायझर फिल्टरही काढून ठेवा, तो आभाळ एकीकडे गडद, एकीकडे फिकट करतो.

फोटो जोडायच्या हगिन या सॉफ्टवेअरमध्ये आधी कंट्रोल पॉइंट, म्हणजे दोन फोटोंतल्या एकाच जागेच्या जुळवलेल्या खुणा, तपासा. लाटा, ढग, फेरीबोट यांवरचे पॉइंट सरळ उडवा; या गोष्टी फोटोगणिक सरकलेल्या असतात. इमारतींच्या कोपऱ्यांवरचे ठेवा. जोडल्यावर अर्धीच बोट दिसली, तर मास्क टॅबमध्ये एका फोटोतली बोट झाकून वगळा. क्षितिज वाकडं आलं तर भिंतीच्या कडांवर उभ्या रेषेचे दोन-तीन पॉइंट देऊन पुन्हा ऑप्टिमाइझ करा.

जवळचा कठडा मात्र तुटलेला दिसला, तर सॉफ्टवेअरला दोष देऊ नका. तो पॅरॅलॅक्स, म्हणजे कॅमेरा जागचा हलल्याने जवळची वस्तू लांबच्या तुलनेत सरकलेली दिसणं. कॅमेरा लेन्सच्या योग्य बिंदूभोवती न फिरता तुमच्या कमरेभोवती फिरला. कॅमेरा त्या बिंदूभोवती फिरवणारं पॅनो हेड ट्रायपॉडवर नसेल तर कठडा फ्रेमबाहेरच ठेवा.

हगिनऐवजी लाइटरूममध्ये रॉ (कॅमेऱ्यातल्या प्रक्रिया न केलेल्या) फाइली जोडल्या की डीएनजी, म्हणजे रॉसारखीच सुधारता येणारी फाइल मिळते, त्यामुळे रंग नंतर निवांत सुधारा. कडेच्या रिकाम्या जागा भरायला फोटो ताणणारा बाउंड्री वॉर्पचा स्लायडर शंभरावर ओढू नका, इमारती वाकतात. त्यापेक्षा कडा कापलेल्या बऱ्या.